गिचमिड अक्षरे आणि वेडीवाकडी गाढवे

मीरा-भाईंदरच्या काशीमिरा भागाला लागून असलेली हिरवी डोंगररांग दक्षिणेकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पसरत जाते. तिच्याच कुशीत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. पर्यटकांची पावले प्रथम वळतात ती तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे आणि तेथील भव्य बुद्धमूर्तींकडे. क्रमांक 90 च्या लेण्यापर्यंत चढणारे त्या मानाने थोडेच.

या लेण्यात अवलोकितेश्वराचे सुंदर शिल्पपट आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र शिल्पांपेक्षा भिंतीवरच्या गिचमिड रेघोट्या अधिक खिळवून ठेवतात. त्या पहलवी लिपीत आहेत, म्हणजे प्राचीन इराणच्या. त्यांतील काळ यज्दगर्दी सनाचा आहे : 378 आणि 390. इसवी सनाच्या हिशेबाने ही वर्षे 1009 आणि 1021 ठरतात. मजकुरात दान नाही, राजाची स्तुती नाही, धर्मोपदेशही नाही. दिवस, महिना, वर्ष, आणि येथे आलेल्या झरथुष्ट्री मंडळींची पित्यांच्या नावांसह यादी. थोडक्यात, ‘आम्ही येऊन गेलो.’ सहलीला जाऊन भिंतीवर नाव खरडण्याची खोड किती जुनी आहे, हे यावरून कळते!

एकोणिसाव्या शतकात हे लेख वाचले एडवर्ड वेस्ट यांनी. ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे अभियंता. पहलवी त्यांनी स्वतःच्या हौसेने आत्मसात केली होती. त्यांच्या वाचनाचे मोल ध्यानात यायला एक तुलना पुरे. पारशांच्या भारतातील आगमनाची प्रसिद्ध कथा सांगणारे ‘किस्सा-ए-संजान’ हे काव्य 1599 च्या सुमाराचे आहे. कान्हेरीतील नावे त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधीची. काव्यात वीरगाथा आहे, कालक्रमाबद्दल मात्र वाद आहेत. रिकामपणी कोरलेल्या यादीत रस नाही, पण तारीख आहे. पारशी कुटुंबे अकराव्या शतकाच्या आरंभी उत्तर कोकणात वावरत होती, हे तिने निर्विवाद सांगितले.

त्या वेळी या मुलखावर शिलाहारांची सत्ता होती आणि ठाणे हे त्यांचे प्रमुख केंद्र होते. याच राजवटीने आणखी एक ओबडधोबड ठेवा मागे ठेवला : गद्धेगाळ. ही दानाची शिळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र. दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून कोरलेली ती उघडीवाघडी शिवी आहे. भाषा असभ्य, चित्र त्याहून असभ्य. पुष्कळ शिळांवरचे गाढव कधी कुत्र्यासारखे, कधी घोड्यासारखे दिसते. पाय काठ्यांसारखे, कान तेवढे ठसठशीत. पाहणाऱ्याला आधी हसू येते, मग शापाचा अर्थ कळतो आणि हसू ओसरते.

शिलाहारांकडे कसबी कारागीर नव्हते म्हणून हे असे झाले, असे म्हणता येत नाही. शके 982, म्हणजे 1060 चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर याच राजवटीचे आहे. त्याच्या बाह्यभिंतीवर रिकामी जागा शोधावी लागते, इतके कोरीवकाम सूक्ष्म. तेव्हा गाढव वेडेवाकडे राहिले ते बहुधा सुबकतेची कोणाला गरज वाटली नाही म्हणून. मंदिर देवासाठी आणि राजाच्या कीर्तीसाठी होते. गद्धेगाळ शेताच्या हद्दीवर, अक्षरशत्रू माणसाला लांबूनच धाक बसावा यासाठी. परळ येथे सापडलेल्या, दुसऱ्या अपरादित्याच्या शके 1108 च्या लेखात हा भेद भाषेतही उमटला आहे. दानाचा मजकूर संस्कृतात, शाप मराठीत. शिवी ज्याला कळायला हवी, त्याच्याच भाषेत दिलेली बरी!

अशी गंमत आज कोणी करू पाहील, तर प्रकरण गंभीर आहे. 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. त्यामुळे 1021 ची खरड पुरावा ठरते आणि आजची खरड गुन्हा. यात विसंगती दिसली तरी कायदा योग्यच आहे. त्या इराणी नावांशेजारी रोज दहा नवी नावे पडू लागली, तर जुनी वाचणार कशी?

कान्हेरीला निदान असे कवच आहे. उघड्यावरच्या बहुतेक गद्धेगाळांना तेही नाही. कुठे त्यांना देव मानून शेंदराचे थर चढवले जातात, कुठे अशुभ समजून जमिनीत गाडले जाते, तर कुठे रस्त्याच्या कामात त्या उखडल्या जातात. अनेक शिळांवर लेखाची उथळ अक्षरे केव्हाच झिजून गेली आहेत. कोणत्या राजाने कोणाला काय दिले, ते आता वाचता येत नाही. खालचे गाढव मात्र अजून ओळखू येते.