गणपती तीन फ्लॉप्यांत

चप्पल बाहेर काढा. मशीनच्या खोलीत पायताण चालत नाही. धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो, असं इथं सगळ्यांचंच ठाम मत. साल २००० च्या आसपासचं, महिना वैशाखाचा. तुम्ही जाफराबादच्या एका डीटीपीच्या दुकानात शिरलाय. डोक्यावरचे पत्रे तापलेत, पूर्णेकडून येणारा वाराही भाजतोय. खोलीत थिनरचा, तंबाखूचा आणि दहाबारा माणसांच्या घामाचा वास एकत्र कोंडलाय. मोबाइल चाचपू नका, त्याला टॉवर मिळायचा नाही.

"सरका जरा, टेंभुर्णीचे पाव्हणे आधी आलेत."

सरका. काचेच्या जाड पडद्याजवळ हात नेलात तर हातावरचे केस उभे राहतील. पोरगा दोन्ही हातांनी कळा बडवतोय आणि मागून तिघं एकाच वेळी सांगताहेत : मोठ्या मामांचं नाव वर घ्या, किलबिलमध्ये पिंकी राहिली, 'चि.सौ.कां.' नीट लिहा. निमंत्रकांची यादी वाढते तसा अक्षरांचा आकार घटतो. लग्न मोडलं तरी चालेल, पण चुलत्याचं नाव गळायला नको!

तेवढ्यात लाइट जाते. पंखा थांबतो, यूपीएस टीं-टीं करतो. "सेव्ह कर, सेव्ह कर!" सगळी खोली ओरडते.

वाचली. पत्रिका पेजमेकर ६.५ मधली, म्हणून फाइलच्या नावामागे टिंब, पी, सहा, पाच. इथल्या लेझर प्रिंटरचा टोनर संपलाय, तेव्हा छपाईसाठीचं ट्रेसिंग पेपरवरचं प्रिंट जालन्याला काढायचं. तुम्ही फ्लॉपी मागता, पोरगा हसतो.

"नुसती फाइल नेऊन काय करता, दाजी? तिथं पेजमेकर पाच असला तर उघडणारच नाही. आणि श्रीलिपीचा फॉन्ट नसला तर नवरीचं नाव कोण वाचणार?"

खरंय त्याचं. फाइलीत मराठी 'क' नाहीच. आहे तो रोमन अक्षरांच्या जागेवरचा एक आकडा; त्यावर 'क'चं चित्र चढवतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की वधूवर, मामा, किलबिल, सगळ्यांच्या जागी टोप्या आणि टिंबं ल्यालेली परकी अक्षरं. तुमच्या काळातलं इनडिझाइन तर ही फाइल घेणारही नाही. सीएस ६ नंतर त्यानं पेजमेकरची ओळखच सोडली.

म्हणून एका फ्लॉपीत फाइल आणि फॉन्ट. राहिला गणपती. पेजमेकर मोठं चित्र सहसा पोटात घेत नाही, ते कुठं ठेवलंय एवढंच लक्षात ठेवतो. म्हणजे टिफ फाइलही सोबत हवी. आणि हा लंबोदर १.४४ एमबीत मावेना! मग एआरजे नावाच्या प्रोग्रॅमनं त्याचे तुकडे : पहिल्याच्या नावामागे एआरजे, पुढं ए०१, ए०२. तीन फ्लॉप्यांवर एकच देव. यातली एक जरी रुसली तरी जालन्यात तो जुळायचा नाही.

लाइट आल्यावर पोरगा तिन्ही तपासून बघतो. तिसरी घरघर करते, पुन्हा घरघर करते, आणि पडद्यावर चूक झळकते. नवी फ्लॉपी दुकानात नाही, एसटी तर सुटायला आलीय.

टेंभुर्णीचे पाव्हणे म्हणतात, "गणपतीची जागा मोकळी ठेवा." पोरगा फळीवरून चित्रांचं जुनं पुस्तक काढतो, तुमच्या हातात कात्री देतो. कापा नीट, सोंड तुटू देऊ नका. ट्रेसिंगवर डिंकानं चिकटवायचंय.