सायकल सहलीचा हिशेब: करोल बाग ते यांगश्वो

करोल बागेतली सुट्टी बहुधा पेट्रोलवर चालते. हरिसिंग नलवा रस्त्यावर बुलेटचे सुटे भाग, दुरुस्ती आणि भाड्याच्या गाड्या. लडाखला निघालेले कित्येक जण इथूनच गाडी घेतात. मेट्रोने पुढच्याच स्थानकावर, झंडेवालानला, सायकलींचा मोठा बाजार आहे. तिथे सायकल घेणाऱ्याच्या मनात मात्र लांबची सहल क्वचितच असते. आता चीनच्या खेड्यांतून वाटाड्यासह निघणाऱ्या ‘शाश्वत’ सायकल सहलींच्या जाहिराती इथल्या मध्यमवर्गापर्यंत पोचू लागल्या आहेत. रेगरपुरा–बीडनपुऱ्यात सोन्याची गलाई करणाऱ्या सांगलीकडच्या माणसाला घट आणि शुद्धता वेगळी सांगावी लागत नाही. ‘शाश्वत’ या शब्दाचीही तशीच पारख करता येते.

आधी धूर पाहू. 2020 मध्ये बंद पडलेली भारत–चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 पासून पुन्हा सुरू झाली. चीनमधल्या यांगश्वोला जायचे तर उतरायचे ग्वांगझोला; दिल्ली ते ग्वांगझो हे अंतर सुमारे 3,600 किलोमीटर. विमानात माणशी दर किलोमीटरला साधारण 90 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर जाऊन-येऊन 650 किलो होतो. लडाखची बुलेट सहल 2,500 किलोमीटरची धरू. लिटरला 30 किलोमीटर या दराने 83 लिटर पेट्रोल जळते, म्हणजे सुमारे 190 किलो; मागे कुणी बसले असेल तर माणशी निम्मे. म्हणजे यांगश्वोच्या भातखाचरांतून सायकल चालवून आलेला पर्यटक बुलेटवाल्याच्या तिप्पट धूर करून घरी परततो. हे आकडे ढोबळ आहेत, पण फरक इतका मोठा आहे की हिशेब थोडा इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही. सहलीत सायकल किती दिवस चालवली, याने या आकड्याला धक्काही लागत नाही. शिवाय सामान वाहणारा टेम्पो मागून येतोच. त्याचे डिझेल बारा जणांत वाटले गेले तर ठीक. दोघांसाठी एक गाडी धावत असेल तर सायकल ही शोभेची वस्तू ठरते.

मग चीनच्या सहलीत काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो पैशाच्या वाटेत आहे. ग्वांगझोहून वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तासांत यांगश्वो गाठता येते. हा मार्ग डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाला. तिथले चुनखडीचे उभे डोंगर आणि ली नदी 20 युआनच्या नोटेवर छापलेली आहेत, त्यामुळे गर्दी अटळ. बसने येणारा पर्यटक घाटावर उतरतो, फोटो काढतो आणि निघतो. त्याचा पैसा तिकीटघरात आणि मोठ्या हॉटेलांत जातो. सायकलवाला दिवसाला 40 किलोमीटर जातो. वाटेत त्याला भूक लागते, पाणी लागते, पंक्चर होते. त्याचे दहा-दहा, वीस-वीस युआन युलोंग नदीकाठच्या गावांत विखुरतात. शेतकऱ्याच्याच घरी जेवण आणि मुक्काम देणारी चिनी सोय, ‘नोंगज्याल’, अशाच ग्राहकावर टिकते. सहलीचा संयोजक मुक्काम तिथे ठेवतो की शहरातल्या साखळी हॉटेलात, एवढे विचारले तरी जाहिरातीतला खरेपणा कळतो.

वाटाड्या ही तिथे चैन नव्हे. परदेशी पाहुण्याची नोंद मुक्कामाच्या ठिकाणी 24 तासांच्या आत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती करते. खेड्यातल्या घरमालकाला ती कटकट वाटते, म्हणून भाषा जाणणारा मध्यस्थ लागतो. चिनी नकाशे कायद्याने सरकवलेल्या निर्देशांकांवर बेतलेले आहेत. परदेशी ॲपवर आपली जागा काही शे मीटर भलतीकडेच दिसू शकते, आणि शेतातल्या पायवाटांच्या जाळ्यात तेवढे अंतर पुरेसे घातक आहे. वाटाड्या त्याच तालुक्यातला असेल तर त्याचा पगारही गावात राहतो.

आता धूर, पैसा आणि वाटाड्या हे तीन निकष घरच्या वाटेला लावू. कश्मीरी गेटहून मनालीच्या बसने औटपर्यंत साधारण 480 किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी धूर 30 किलोच्या आसपास. तिथून बंजार, तीर्थन खोरे, शोजा आणि 3,120 मीटरवरची जलोडी खिंड. युथ होस्टेल्स असोसिएशनने याच भागात सायकल मोहिमा चालवल्या आहेत. हिमाचल सरकारची घरगुती निवासाची योजना 2008 मध्ये सुरू झाली, त्यामुळे पैसा कुठे जातो तेही दिसते. शेजारचे ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान 2014 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. खिंडीचा चढ मात्र निर्दय आहे. यांगश्वोच्या सपाटीवर साठीचा माणूस गप्पा मारत जातो. जलोडीवर तिशीतलाही सायकल ढकलतो. हा फरक संयोजक जाहिरातीत सांगत नाहीत.

माझा कौल तीर्थनला. दृश्याच्या बाबतीत चीन सरस असेलही, पण शाश्वतपणाच्या हिशेबात 650 किलोची खोट भरून काढणे अवघड आहे. चीनला जायचेच असेल तर पाच दिवसांची सहल घेऊ नका; दोन-तीन आठवडे काढा, देशात रेल्वेनेच फिरा, आणि रजा तेवढी मिळत नसेल तर बेत पुढच्या वर्षावर ढकला.