वर-खाली विस्तव

मराठी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती म्हणून पाव-बिस्किटे आपल्याकडे उशिरा रुजली, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस हे कारण पुरेसे वाटत नाही. रत्नागिरीकडच्या घरांत होणारे धोंडस पाहिले तरी त्यातील उणीव ध्यानात येते. जून तवसे किसायचे, त्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ व ओले खोबरे घालून शिजवायचे, मग ते जाड बुडाच्या भांड्यात, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून खरपूस होऊ द्यायचे. वरून व खालून कोरडी आच देण्याची ही रीत म्हणजे भट्टीचीच रीत होय.

तुलनेसाठी स्कॉटलंडचा स्कोन घ्यावा. आज चहाबरोबर लोणी-जॅम लावून खाल्ला जाणारा हा पदार्थ मुळात ओट वा बार्लीच्या पिठाचा, तव्यावर भाजून चार तुकडे केलेला भाकरीवजा प्रकार होता. १८४३ साली आल्फ्रेड बर्ड याने इंग्लंडात बेकिंग पावडर तयार केली. सोडा आणि अशी पावडर घरोघर पोहोचल्यावर पीठ तासन्‌तास आंबवत न ठेवताही स्कोन फुगू लागला. मैदा, थोडे लोणी, ताक, मीठ व सोडा एवढेच साहित्य. पीठ हलक्या हाताने एकत्र करावे, वड्या कापाव्यात आणि भाजाव्यात. धोंडस साधणाऱ्या गृहिणीस हे अवघड जाण्याचे कारण नव्हते. प्रश्न हाताच्या कौशल्याचा नव्हता. पदार्थ कोणाच्या हातचा, हा होता.

पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला पाव माडीने आंबवला जाई आणि तो भाजणारे पोदेर ख्रिस्ती असत. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा कोकणात व वसईकडे सांगितल्या जात. त्यांचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला, तरी एका तुकड्याने अख्खे गाव धर्माबाहेर जाऊ शकते ही समजूत किती खोल होती, हे त्यांतून कळते.

ही समजूत केवळ अशिक्षितांची नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते आणि त्याच जिल्ह्यातील कोतळूकचे गोखलेही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनाही ते रुचले नाही. देशाचे राजकारण घडविणाऱ्या माणसांना एका बिस्किटाचा हिशेब द्यावा लागला.

पुढे रत्नागिरीतच स्थानबद्ध असताना सावरकरांनी रोटीबंदीविरुद्ध सहभोजने घडवून आणली आणि १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. अस्पृश्य मानलेल्यांच्या हातचे चहा-फराळ तेथे उघडपणे मिळू लागले. जातीची भिंत त्यामुळे खचली, हे मोठेच काम झाले. मात्र त्या उपक्रमाची सीमा त्याच्या नावातच लिहिलेली होती. पोदेराची भट्टी त्या सीमेपलीकडे राहिली.

ती सीमा ओलांडली गेली ती, आमच्या मते, कोणत्याही ठरावाविना. गावोगावी बेकऱ्या झाल्या आणि घरचे तूप, साखर, रवा-मैदा घेऊन बायका नानकटाई भाजून आणण्यासाठी तेथे जाऊ लागल्या. साहित्य घरचे, भट्टी बेकरीची. आणि बेकरीवाला बहुधा मुसलमान वा ख्रिस्ती. पत्र्याच्या डब्यातून परत आलेली ती नानकटाई देवघर असलेल्या घरात विनातक्रार खाल्ली गेली. तिच्यापायी कोणी प्रायश्चित्त घेतले नाही.

आपल्या सामाजिक इतिहासात परिषदा आणि ग्रामण्ये नोंदली गेली, हे डबे मात्र नोंदले गेले नाहीत. ‘घरचे’ या शब्दाचा अर्थ रुंदावण्यात त्यांचा वाटा लहान नव्हता. आज घरोघरी विजेची भट्टी आली आहे आणि स्कोनही त्यात सहज होतो. तो करताना कोणाकडे जावे लागत नाही, ही सोय खरी. परंतु डबा घेऊन परक्या दाराशी उभे राहण्याचा तो प्रसंगही तिच्याबरोबर सरला, याची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे.