चाळिशीचा उलगडा

मराठीत चष्म्याला दोन नावं आहेत. ‘चष्मा’ हा शब्द फारसीच्या वाटेनं आला. ‘चश्म’ म्हणजे डोळा. दुसरं नाव ‘चाळिशी’. ते आपल्या घरातलं. माणसाचं वय आपण सरळ नाकावरच्या वस्तूला देऊन टाकलं! मला दोन्ही शब्द आवडतात, कारण दोन्ही माझेच आहेत. पण ‘चाळिशी’ या शब्दानं एक समज घट्ट करून ठेवला आहे. जवळचं अंधुक दिसणं म्हणजे उतरत्या वयाची खूण. त्याआधी कुणी तशी तक्रार केली तर ती आळसाची, मनाची, नाहीतर त्या कॉम्प्युटरची.

आजकाल पंचविशी-तिशीतली मुलंमुली अशी तक्रार करताना मी ऐकतो. डोळे तपासून घेतले, भिंतीवरची शेवटची ओळ बिनचूक वाचली, ‘नजर उत्तम’ असा शेराही मिळाला. तरी अर्धा-पाऊण तास वाचलं की अक्षरं विरघळायला लागतात, कपाळ ठणकतं. मग वाटतं, आपल्याला झालंय तरी काय? हे कोडं कॉम्प्युटरच्या फार आधीचं आहे. त्यानं कित्येक शिंपी, शिवणकाम करणाऱ्या बाया, कारकून आणि खिळे जुळवणारे कामगार यांच्या तोंडचा घास काढून घेतला. ते कसं सुटलं, ती हकिकत आज सांगायची आहे.

गंमत अशी, की उपाय आधी सापडला आणि कारण फार नंतर. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैसम यांनी १०११ ते १०२१ या काळात ‘किताब अल्-मनाझिर’ हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो, असं मांडलं. त्यांनी चष्मा केला नाही. पण त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या अभ्यासकांच्या हाती पडला. त्यांच्यापैकी रॉजर बेकन यांनी १२६७च्या सुमारास लिहून ठेवलं, की फुगीर काच अक्षरांवर ठेवली तर ती मोठी दिसतात आणि म्हाताऱ्यांना तिचा उपयोग होतो.

पुढे इटलीत कुणीतरी अशा दोन काचा जोडून नाकावर ठेवल्या. १३०६ मध्ये जोर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकानं फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून वीस वर्षंही झालेली नाहीत आणि ती शोधणाऱ्याशी मी स्वतः बोललो आहे. त्या कारागिराचं नाव मात्र त्यानं सांगितलं नाही. चष्म्याचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र १३५२चं आहे. इटलीतल्या त्रेविझो इथे एका मठाच्या भिंतीवर तोम्मासो दा मोदेना यानं चष्मा लावून लिहीत बसलेले एक धर्मगुरू रंगवले. ते धर्मगुरू वारले १२६३ मध्ये, म्हणजे चष्मा निघण्याच्याही आधी! चित्रकाराला विद्वान म्हटलं की चष्मा आठवू लागला होता, एवढाच त्याचा अर्थ.

हे सुरुवातीचे चष्मे सगळे फुगीर भिंगांचे, म्हणजे जवळचं दिसण्यासाठीचे होते. पंधराव्या शतकात ते पूर्वेकडेही पोचले होते. हेरातचे फारसी कवी जामी (मृत्यू १४९२) आपल्या ‘सलामान ओ अबसाल’ या काव्यात म्हातारपणाबद्दल बोलताना फिरंगी काचांचा उल्लेख करतात. आपल्याकडच्या चष्म्याचा माग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी काढला. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व आचार्य व्यासराय पोथी वाचताना चष्मा लावत, हा सोळाव्या शतकातला उल्लेख त्यांनी पुढे आणला.

एवढं सगळं होऊनही चष्म्यानं का दिसतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. १६०४ मध्ये योहानेस केप्लर यांनी दाखवलं, की डोळ्यातल्या भिंगामुळे मागच्या पडद्यावर प्रतिमा उमटते आणि चष्मा ती प्रतिमा जागेवर आणतो. मग प्रश्न आला, की एकच डोळा डोंगरही पाहतो आणि हातातली पोथीही, हे कसं? इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. डोळा पाण्यात बुडवून पाहिला, बुबुळाला धातूची कडी टेकवून पाहिली आणि १८०१ मध्ये प्रसिद्ध केलं, की डोळ्यातलं भिंगच आपला आकार बदलतं. १८५५ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी त्यामागची रीत मांडली. भिंगाभोवती स्नायूंचं एक कडं असतं. ते आवळलं की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट होतं. थोडक्यात, निरोगी डोळ्याला लांबचं आपसूक दिसतं. जवळचं पाहणं ही मात्र मेहनत आहे.

मेहनत म्हटली की थकवा आला. इटलीचे वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं होतं. बारीक काम करणाऱ्यांना त्यांनी चष्म्याखेरीज आणखी एक सल्ला दिला होता, की मान खाली घालून एकाच ठिकाणी टक लावून बसू नका, मधूनमधून नजर दुसरीकडे वळवा. पण तरुण माणसाची नजर सशक्त असूनही कामात का विरते, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात शिवणकाम, कारकुनी आणि छापखाने वाढले, तसे हे रोगी वाढले. १८४३ मध्ये ग्लासगोचे नेत्रवैद्य विल्यम मॅकेन्झी यांनी या तक्रारीवर लेख लिहिला. आंधळेपणाची ही सुरुवात तर नव्हे, अशी भीती असे. फुगीर भिंगाचा चष्मा म्हाताऱ्यांचा, तो तरुणाला दिला तर डोळे बिघडतील, असं अनेक डॉक्टर मानत. मग सल्ला एकच उरे, की हा धंदा सोड आणि मोकळ्यावरचं काहीतरी काम बघ. ज्याच्या हातात फक्त सुई धरण्याचं कसब आहे, त्यानं जायचं कुठे?

उत्तर आलं हॉलंडमधून. फ्रान्सिस्कस डोंडर्स (१८१८–१८८९) हे उट्रेख्तचे प्राध्यापक. १८५८ मध्ये त्यांच्या पुढाकारानं तिथे गरीब नेत्ररुग्णांसाठी रुग्णालय उघडलं. रोग्यांचे डोळे मोजता मोजता त्यांना दिसलं, की तक्रार करणाऱ्या अनेक तरुणांचा डोळा थोडा आखूड आहे. त्यामुळे त्याला लांबचं पाहायलाही स्नायू आवळावे लागतात. जवळचं पाहायचं तर त्याहून जास्त. हमालाच्या पाठीवर आधीच एक पोतं असावं आणि त्यावर आपण दुसरं ठेवावं, तसं हे. तरुणपणी तो ते उचलतो, म्हणून तपासणीत दोष लपून राहतो. तासाभरानं स्नायू हार मानतो आणि अक्षर विरतं. हे आंधळेपण नव्हतं, आळसही नव्हता. मोजून दिलेलं एक फुगीर भिंग पुरेसं होतं. ज्याला सुई ठेवायला सांगितलं होतं, तो पुन्हा कामावर बसू शकला.

१८६४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या डोंडर्स यांच्या ग्रंथानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. चाळिशी चाळिसाव्या वर्षी सुरू होत नाही. दहाव्या वर्षी मूल सात सेंटिमीटरवरचं अक्षर वाचू शकतं. चाळिसाव्या वर्षी ही मर्यादा सुमारे बावीस सेंटिमीटरवर जाते, पन्नाशीत चाळीसवर, साठीत जवळजवळ एक मीटरवर. ही ओहोटी लहानपणापासूनच लागलेली असते. भिंग हळूहळू कडक होत जातं. कोणत्याही व्यायामानं ते परत मऊ होत नाही.

आता त्या ‘नजर उत्तम’ शेऱ्याकडे येऊ. डोंडर्स यांचे सहकारी हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला. दवाखान्याच्या भिंतीवर आजही त्याचीच भावंडं टांगलेली दिसतात. तो तक्ता लांबची नजर मोजतो. जवळच्या वाचनासाठी व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी १८५४ मध्येच निरनिराळ्या आकारांचे मजकूर छापले होते. भिंतीवरची शेवटची ओळ वाचणाऱ्याला हातातलं अक्षर दिसेलच, असं नाही. तेव्हा तपासायला जाल तेव्हा सांगा, की मला हातातलं आणि पडद्यावरचं दिसत नाही, आणि दोन्ही अंतरं मोजून सांगा. पुस्तक आपण साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरतो, पडदा साठ-सत्तरवर असतो. पुस्तकासाठी दिलेला नंबर पडद्यासाठी बरोबर ठरेलच असं नाही. डोळ्यात थेंब टाकून तपासलं, की आखूड डोळ्याचा लपलेला नंबरही सापडतो. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. उघडझाप केल्यावर अक्षर स्वच्छ झालं, तर दोष बहुधा तिथेच. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहा, असं हल्ली सांगतात. रामाझ्झिनींच्या सल्ल्याचाच हा नवा अवतार. रक्तातली साखर वरखाली झाली तरी नजर बदलते. आणि नजर अचानक गेली किंवा डोळा दुखू लागला, तर तडक डॉक्टर गाठावा.

मी दोन लिप्यांत वाचणारा माणूस. उर्दूत ‘खुदा’चा नुक्ता वरून खाली घसरला तर ‘जुदा’ होतं. मराठीत अनुस्वार दिसला नाही तर ‘मंद’चा ‘मद’ होतो. एका टिंबाची किंमत मला पन्नाशीत नीट कळली. आमच्या दादीला ती आधीच कळली असणार. ती गोधड्या शिवायची आणि आम्हा पोरांना हाक मारून सुईत दोरा ओवून घ्यायची. शाळा सुटेपर्यंत तिचं काम अडून राहायचं. तिला कुणी चाळिशी आणून दिली नाही आणि तिनंही मागितली नाही. वय झालं, एवढंच म्हणायची.

ही केवळ जुन्या काळची गोष्ट नाही. २०१५ मध्ये जगात सुमारे एकशे ऐंशी कोटी लोकांना चाळिशी होती आणि त्यांतल्या ब्याऐंशी कोटींहून अधिक लोकांकडे योग्य चष्मा नव्हता, असा एका पाहणीचा अंदाज आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळीस वर्षांवरच्या ७५१ मजुरांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. हात तेच होते, मळा तोच होता.

डोंडर्स यांनी कोडं सोडवून दीडशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या घरात कुणी कागद लांब धरून वाचत असेल, तांदूळ निवडताना खडे राहून जात असतील, शिवण उसवून पुन्हा घालावी लागत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये. त्यांना तपासायला घेऊन जावं.