पाहुण्यांचे पाणी

मालवणात पावसाळ्यात धो धो कोसळते. पण जांभ्यात पाणी ठरत नाही, मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो. १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गात मात्र, भर समुद्रात, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिथे तटाआधी पाणी पाहिले गेले असावे, असे मला वाटते.

पुढे कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तारकर्लीच्या माडांत खोल्या उभ्या राहिल्या. मुलांना गावातच पोट भरता येऊ लागले. ही लहान गोष्ट नव्हे. पण पाहुणे येतात तेही मे महिन्यातच. खोल्या मोजताना आम्ही विहिरीत डोकावलोच नाही.