हात कोणाचा?

जुन्या कागदांतली अंतरे मीटरमध्ये, किंवा आजची अंतरे जुन्या मापांत मांडण्याचा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकावर वरचेवर येतो. वरवर पाहता हे त्रैराशिकाचे काम आहे. हात म्हणजे १८ इंच, अर्थात ४५.७२ सेंटिमीटर, असे धरले की एका मीटरचे दोन हात आणि साडेचार अंगुळे होतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड आणि २००० दंडांचा क्रोश असे कोष्टक आहे. त्यानुसार एक किलोमीटर पाव कोसाहून किंचित अधिक भरतो.

परंतु येथेच अडचण उभी राहते. या हिशेबाने कोस ३.६६ किलोमीटरांचा होतो. आपल्या बोलण्यातला कोस मात्र दोन मैलांचा, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटरांचा. त्रैराशिक चुकलेले नाही. ज्या हातावर हे सारे कोष्टक उभे आहे, तो हात कोणाचा, हे आपण विचारलेले नाही.

हा प्रश्न पूर्वजांना पडला नव्हता असे समजणे अन्यायाचे ठरेल. मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी म्हणजे अंगुळ, अशी व्याख्या कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त आहे. शिवकालीन जमीनमोजणीचे वर्णन करताना सभासद बखर आणखी नेमके सांगते: काठी पाच हात पाच मुठींची, हात चौदा तसूंचा, सारी काठी ब्याऐंशी तसूंची, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा.

एवढ्या बारकाव्याची गरज काय होती? बिघ्याचे पीक अजमावून पाच वाट्यांपैकी तीन रयतेस आणि दोन सरकारात, असा धारा त्या बखरीत दिला आहे. आता मोजणाऱ्याची काठी शेकडा पाचने आखूड आहे असे समजा. बिघा शेकडा पावणेदहाने लहान होतो आणि तेच शेत कागदावर सुमारे ११ टक्क्यांनी मोठे ठरते. शेतात दाणा अधिक पिकत नाही; आकारणी मात्र वाढते. काठी ब्याऐंशी तसूंना बांधणे हा म्हणूनच रयतेच्या संरक्षणाचा भाग होता.

तेव्हा जुनी मापे केवळ अंदाजाची होती, हा समज टिकत नाही. ती देहाशी एकरूप होती, ही हळहळही तितकीच फसवी. हाताचे नाव राहिले, तरी राज्यकारभारातला हात केव्हाच लाकडाचा झाला होता. भारतात १९५६च्या कायद्याने मीटर आला, तेव्हा प्रमाणाची कल्पना येथे नवी नव्हती.

देहाचा हात उरला तो भाषेत. 'टीचभर पोट' किंवा 'हातभर जीभ' म्हणताना आपण मोजत नसतो. जुना दस्तऐवज वाचताना मात्र मोजावे लागते. तेथे मीटरचा आकडा लिहिण्यापूर्वी हात किती तसूंचा धरला, हे नोंदवणे आपले कर्तव्य आहे. त्या आकड्यामागे कोणाचे तरी शेत असते.