हवामान अंदाज संशोधनातील संस्थात्मक समन्वय आणि अवर्षणप्रवण अहमदनगर जिल्हा : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८७५ ते २०२४)

प्रस्तावना

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७ हजार चौ. कि.मी. विस्तार असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या सह्याद्रीच्या माथ्यावरील भागात वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्यातील पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके मात्र पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. तेथे सरासरी पाऊस सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर आहे आणि तोही अनिश्चित. मृगात बाजरीची पेरणी करावी की थांबावे, हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीचा भरवसा ठेवावा की नाही, हे प्रश्न येथील कोरडवाहू शेतकऱ्यासाठी वर्षभराच्या भाकरीचे प्रश्न आहेत. पंचांगातील नक्षत्राचे वाहन पाहून पावसाचा अदमास बांधण्याची परंपरा या गरजेतूनच टिकून राहिली.

हवामानशास्त्राचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि हवामानाचा अंदाज ही एका व्यक्तीची वा एका प्रयोगशाळेची निर्मिती नसते. निरीक्षण, संशोधन, गणन, प्रसारण आणि उपयोजन करणाऱ्या निरनिराळ्या संस्था एकमेकींशी जोडल्या गेल्या तरच अंदाज तयार होतो व उपयोगी पडतो. प्रस्तुत शोधनिबंधात या जोडणीचा, म्हणजेच संस्थात्मक समन्वयाचा, इतिहास अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. भारतातील हवामान सेवेच्या संस्थात्मक समन्वयाचे टप्पे निश्चित करणे.
२. अल्प व मध्यम पल्ल्याच्या अंदाजासंबंधी युरोपातील समन्वयाशी भारतीय अनुभवाची तुलना करणे.
३. या समन्वयाचा लाभ अवर्षणप्रवण तालुक्यांपर्यंत कितपत पोहोचला याचे परीक्षण करणे.

विखुरलेल्या निरीक्षणांचे एकत्रीकरण

मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती. परंतु १८७५ पूर्वी निरनिराळ्या प्रांतांतील हवामान निरीक्षणे एका सूत्रात बांधलेली नव्हती. १८६४ चे कोलकात्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील पावसाचे अपयश यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली व देशभरातील हवामानविषयक काम एका केंद्रीय यंत्रणेखाली आले. हेन्री ब्लॅनफर्ड हे या विभागाचे पहिले प्रमुख होत. योगायोगाने त्याच वर्षी पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. या दुष्काळानंतर पावसाच्या अंदाजाची मागणी शासनस्तरावर वाढली. हिमालयातील बर्फ व मान्सून यांचा संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज नियमितपणे दिला जाऊ लागला.

या व्यवस्थेत तालुक्याचे स्थान मात्र एकमार्गी होते. मामलेदार कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकावरील आकडे जिल्ह्याकडे आणि तेथून वर जात. अंदाज तालुक्याकडे परत येण्याची सोय नव्हती. पावसाची नोंद हा महसूल प्रशासनाचा विषय होता, शेतीचा नव्हे. १८९९ साली तर चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला गेला असताना प्रत्यक्षात दुष्काळ पडला. संपूर्ण देशासाठी दिलेला ऋतूचा अंदाज शेतकऱ्याच्या पेरणीच्या निर्णयाला पुरेसा नाही, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती.

पुणे : हवामान आणि शेती यांची पहिली सांगड

हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ती वास्तू व तिच्यालगतचा चौक आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखला जातो. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले, तरी संशोधनाची परंपरा पुण्यात राहिली. १९२८ मध्येच शाही कृषी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हवामानशास्त्राचा शेतीसाठी उपयोग करण्याच्या विचाराला चालना मिळाली. त्यानुसार १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कृषी हवामानशास्त्र शाखा सुरू झाली. शांत व निरभ्र रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीलगत नसून तिच्या थोडे वर असते, हे रामदास यांचे निरीक्षण याच वर्षीचे आहे. ‘रामदास थर’ या नावाने ते जगभर ओळखले जाते.

या शाखेस अर्थसाहाय्य मिळाले ते शाही कृषी संशोधन परिषदेकडून. याच परिषदेच्या योजनेतून १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच्याशी एन. व्ही. कानिटकर यांचे नाव निगडित आहे. एकाच परिषदेच्या पाठबळाने एका वर्षाच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन उपक्रमांकडे शेती आणि हवामान यांच्या संशोधनाची महाराष्ट्रातील पहिली संस्थात्मक सांगड म्हणून पाहता येते. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त देण्यास प्रारंभ झाला आणि आकडे वर नेणाऱ्या व्यवस्थेत प्रथमच माहिती खाली येण्याचा मार्ग खुला झाला.

संख्यात्मक अंदाजाचे युग आणि युरोपचा अनुभव

वातावरणाच्या गतीची समीकरणे संगणकावर सोडवून अंदाज काढण्याच्या पद्धतीस संख्यात्मक अंदाज म्हणतात. सुमारे तीन दिवसांपर्यंतचा अंदाज अल्प पल्ल्याचा, तर त्यापुढे दहा दिवसांपर्यंतचा मध्यम पल्ल्याचा मानला जातो. या पद्धतीस महासंगणक, निरीक्षणांचे विस्तृत जाळे आणि तज्ज्ञांचा मोठा समूह लागतो. युरोपातील लहान राष्ट्रांना हा भार एकट्याने पेलणे कठीण होते. म्हणून त्यांनी मध्यम पल्ल्यासाठी १९७५ मध्ये एक संयुक्त केंद्र स्थापन केले आणि त्याचे नियमित अंदाज १९७९ मध्ये सुरू झाले. अल्प पल्ल्यासाठी मात्र राष्ट्रीय हवामान सेवांनी लहान गट केले. उत्तर युरोपीय देशांचा ‘हिर्लाम’ हा गट १९८५ मध्ये, फ्रान्सच्या पुढाकाराचा ‘अलाडिन’ १९९० च्या सुमारास आणि जर्मनीच्या पुढाकाराचा ‘कॉस्मो’ १९९८ मध्ये आकारास आला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘युमेटनेट’ या जाळ्याने या गटांमधील संशोधनाचा समन्वय साधण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम राबविला. २०२१ मध्ये हिर्लाम व अलाडिन हे गट ‘अकॉर्ड’ या संघात विलीन झाले. संशोधन सामायिक आणि अंदाजाची अंतिम जबाबदारी मात्र ज्या त्या राष्ट्राच्या सेवेकडे, हे या रचनेचे मुख्य सूत्र होय.

भारतात राष्ट्र एकच होते. प्रश्न होता तो देशांतर्गत संस्थांच्या समन्वयाचा. पुण्यात १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली व १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. १९८७ चा दुष्काळ संपूर्ण देशाला हादरविणारा ठरला. १९८८ मध्ये राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राची स्थापना झाली. त्या काळी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव डॉ. वसंत गोवारीकर होते. या केंद्रासाठी अमेरिकेकडून क्रे एक्सएमपी-१४ हा महासंगणक घेण्यात आला. अधिक शक्तिशाली यंत्र मिळू न शकल्याच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुढील काळात मध्यम पल्ला केंद्राने ब्रिटिश हवामान सेवेचे प्रारूप स्वीकारून आंतरराष्ट्रीय भागीदारीतही प्रवेश केला.

दोन सल्लासेवा आणि त्यांचे विलीनीकरण

हवामान विभागाने १९७६ पासून राज्यांच्या कृषी खात्यांच्या सहकार्याने कृषी हवामान सल्ला देण्यास सुरुवात केली. मध्यम पल्ला केंद्राने १९९१ पासून कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने स्वतःची सल्लासेवा उभारली व देशातील १२७ कृषी हवामान क्षेत्रे हा तिचा पाया मानला. परिणामी दीड दशक दोन सेवा समांतर चालल्या. एकीकडे राज्यव्यापी अंदाज, दुसरीकडे क्षेत्रनिहाय अंदाज, अशी ही स्थिती होती. २००६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय अस्तित्वात आले आणि २००७ मध्ये दोन्ही सेवा एकात्मिक करण्यात आल्या. जून २००८ पासून जिल्हास्तरीय पाच दिवसांचा अंदाज सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, सल्लापत्रिका निघू लागल्या.

अहमदनगर जिल्ह्याच्या दृष्टीने येथे राहुरीचे स्थान महत्त्वाचे ठरते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अंदाज आणि पीक यांमधील दुभाष्याचे काम केले. ‘हलका पाऊस, वाऱ्याचा वेग इतका’ या भाषेचे ‘फवारणी पुढे ढकलावी, काढलेला कांदा झाकून ठेवावा’ या भाषेत रूपांतर करणे हे कृषी विद्यापीठाचेच काम होय.

जिल्हा हे एकक आणि त्याच्या मर्यादा

तथापि जिल्हास्तरीय अंदाजाची मर्यादा अहमदनगरइतकी क्वचितच कोठे ठळकपणे दिसते. घाटघर आणि जामखेड यांना पावसाचा एकच आकडा लागू पडणे शक्य नाही. ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न जिल्ह्यातच झाले. ‘वॉटर’ या पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेने २०१० नंतरच्या काळात अकोले व संगमनेर परिसरातील गावांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवून, हवामान विभाग व कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने स्थानिक सल्ला गावापर्यंत पोहोचविला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील व्यापक गारपिटीने राज्यभर रब्बी पिकांचे व फळबागांचे नुकसान झाले आणि स्थानिक पूर्वसूचनेची निकड पुन्हा अधोरेखित झाली. त्यानंतर राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पातून खासगी भागीदारीने दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली.

केंद्र शासनाने २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू केली. देशात अशी १९९ केंद्रे होती. तालुका पातळीवरील सल्ला तयार करणे हे त्यांचे प्रमुख काम होते. मार्च २०२४ अखेर ही केंद्रे बंद करण्यात आली. उल्लेखनीय बाब अशी की, याच काळात गणनक्षमता मात्र झपाट्याने वाढत होती. २०१८ मध्ये पुण्यात ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरील अंदाजाचा प्रारंभ झाला. अंदाज गावापर्यंत आला, परंतु तो पिकाच्या भाषेत सांगणारा जिल्ह्यातील दुवा तत्पूर्वीच तुटला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतीय हवामान सेवेतील १८७५, १९३२ आणि २००७ हे निर्णायक टप्पे नव्या शोधाचे नसून संस्था जोडल्या जाण्याचे टप्पे आहेत.

२. युरोपने संशोधन सामायिक ठेवून स्थानिक जबाबदारी निश्चित केली. भारतात संशोधनाचे व गणनाचे एकीकरण यशस्वी झाले; स्थानिक जबाबदारी मात्र प्रकल्पांच्या मुदतीवर अवलंबून राहिली.

३. दुष्काळाने प्रत्येक वेळी यंत्रणेला गती दिली. परंतु गुंतवणुकीचा ओघ साखळीच्या वरच्या टोकाकडे राहिला. शेवटचा दुवा सर्वांत कमी खर्चाचा असूनही सर्वांत अस्थिर ठरला.

४. महसूल मंडळातील पर्जन्यनोंदी आणि त्या भागासाठी दिलेले अंदाज यांची तुलना प्रत्येक हंगामाच्या अखेरीस मराठीतून प्रसिद्ध होणे आवश्यक आहे. अंदाज किती वेळा खरा ठरला हे शेतकऱ्यास समजल्याखेरीज त्याचा विश्वास बसणार नाही. या कामी कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्रे आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भूगोल विभाग एकत्र येऊ शकतात.

दीडशे वर्षांपूर्वी तालुक्याच्या कचेरीतून पावसाचे आकडे वर गेले. त्या आकड्यांवर उभे राहिलेले शास्त्र त्याच तालुक्याकडे पूर्णपणे परत येईल तेव्हाच हवामान संशोधनातील समन्वयाचे वर्तुळ पूर्ण होईल.